उलटीवरची सुई

पावसाळा लागला, धानाच्या बांध्यांत पाणी साचले आणि रोवणीची घाई सुरू झाली की साकोली तालुक्यातील दवाखान्यांत हगवण-उलटीचे रुग्ण वाढू लागतात. गढूळ पाणी, माश्या, शिळे अन्न ही कारणे आपल्या परिचयाची आहेत. रुग्ण लहान असेल तर त्याच्या आईचे पहिले मागणे बहुधा एकच असते : "डॉक्टरसाहेब, सुई लावून द्या, म्हणजे उलटी थांबेल." सुई लागते, तासाभरात मळमळ कमी होते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आपल्याला कळते की मुलाला सुई लावली म्हणून तो बरा झाला.

या वाक्यातील पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागाबद्दल मात्र थोडा विचार करायला हवा. त्या छोट्या काचेच्या कुपीत नेमके काय असते, ते शरीरात कोठे जाऊन काम करते, आणि तेच औषध गोळीने घेणे व सुईने घेणे यांत फरक काय, हे आपण या लेखात पाहू. औषध कोणते द्यायचे हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु खेड्यात मूल आजारी पडले की पालक सल्ला विचारतात तो अनेकदा गुरुजींना आणि बाईंना, म्हणून हा विषय आपल्यासाठी परका नाही.

उलटी कोण घडवून आणते?

उलटी पोटातून होते, पण तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूचा सर्वांत खालचा, पाठीच्या कण्याला जोडणारा भाग म्हणजे लंबमज्जा. श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रे येथे आहेत, आणि उलटीचे नियंत्रण करणारे चेतापेशींचे जाळेही येथेच आहे. या जाळ्याने हुकूम दिला की क्रम ठरलेला असतो. तोंडाला पाणी सुटते, खोल श्वास घेतला जातो, श्वासनलिकेचे दार बंद होते, जठराचे वरचे तोंड सैल पडते, आणि मग श्वासपटल व पोटाचे स्नायू एकदम आवळतात. जठर स्वतः जवळजवळ काहीच करत नाही, ते पिशवीसारखे दाबले जाते. उंदराला ही सोय निसर्गाने दिलेली नाही. तो उलटी करू शकत नाही, आणि उंदरांच्या विषारी गोळ्या परिणामकारक ठरण्याचे हेही एक कारण आहे.

लंबमज्जेतील या केंद्राकडे बातम्या अनेक वाटांनी येतात. पहिली वाट आतड्यातून येते. आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन नावाचे द्रव्य साठवणाऱ्या पेशी असतात. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे तर आतड्यात असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्याची वाटते. जंतूंच्या विषाने किंवा औषधाने या पेशी डिवचल्या गेल्या की सेरोटोनिन बाहेर पडते आणि व्हेगस चेतातंतूमार्फत वर संदेश जातो. दुसरी वाट रक्ताची. मेंदूभोवती रक्तातील नको त्या द्रव्यांना अडवणारी एक चाळणी असते, पण उलटीच्या केंद्राजवळचा एक लहानसा भाग मुद्दाम या चाळणीबाहेर ठेवलेला आहे. रक्तात काही विषारी आले आहे काय याची तो सतत चाचपणी करतो. बोरिसन आणि वँग या संशोधकांनी १९५० च्या सुमारास या भागाचे कार्य उलगडले. येथे डोपामिन हे द्रव्य महत्त्वाचे काम करते. तिसरी वाट कानातून येते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांच्या बातम्या जुळल्या नाहीत की बस लागते. या वाटेवर हिस्टामिन व ॲसिटिलकोलिन ही द्रव्ये काम करतात. याशिवाय वास, भीती, किळस, पूर्वीची आठवण यांच्या बातम्या मोठ्या मेंदूतून येतात.

उलटी थांबवणारी औषधे या वाटांवर नाकेबंदी करतात. प्रत्येक औषधाचा नाका वेगळा. बस लागू नये म्हणून घेतात ती ॲव्होमिनची गोळी म्हणजे प्रोमेथाझिन. ते कानाकडून येणारी वाट अडवते. मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म या नावाने आपल्याकडे माहीत असलेले) १९६४ साली फ्रान्समध्ये पुढे आले. ते डोपामिनचा मार्ग रोखते आणि जठर लवकर रिकामे होण्यासही मदत करते. ऑनडॅनसेट्रॉन, म्हणजे एमसेट वगैरे नावांनी मिळणारे औषध, आतड्याकडून येणारा सेरोटोनिनचा संदेश अडवते.

या तिसऱ्या औषधाची कथा थोडी सांगायला हवी. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे प्रभावी औषध १९७८ साली अमेरिकेत मान्य झाले. पण त्याने आतड्यातील सेरोटोनिनचा साठा एवढ्या वेगाने बाहेर पडे की जवळजवळ प्रत्येक रुग्णाला तीव्र उलट्या होत, आणि काही जण त्या भीतीने उपचारच सोडून देत. १९९१ साली अमेरिकेत ऑनडॅनसेट्रॉनला मान्यता मिळाली आणि हे चित्र बदलले. साकोलीहून नागपूरला जाऊन कर्करोगाची औषधे घेणारा रुग्ण आज त्याच दिवशी घरी परतू शकतो, त्यामागे या इंजेक्शनाचा मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेनंतर भुलीमुळे होणाऱ्या उलट्या, मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने होणारी मळमळ, गर्भवतीला पाण्याचा घोटही पोटात न ठरू देणाऱ्या उलट्या, या साऱ्या ठिकाणी सुई हवीच. जे पोटात ठरत नाही ते गोळीने कसे द्यायचे?

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. अंगातील पाणी कमी झाले की त्यांच्या लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अशा मुलाला चार-सहा तास उलट्या होत राहणे धोक्याचे असते. त्याच्यासाठी रुग्णालयात जाणे, सुई आणि सलाइन ही चैन नव्हे.

सुई म्हणजे जास्त ताकदीचे औषध?

लोकांचा समज असा की गोळी साधी, सुई जोरदार. प्रत्यक्षात दोन्हींत द्रव्य एकच असते. फरक वाटेचा आहे. गोळी जठरात विरघळते, आतड्यातून शोषली जाते, यकृतातून गाळून पुढे जाते. तिला तास-अर्धा तास लागतो आणि वाटेत तिची धार कमी होते. शिरेत दिलेले औषध काही सेकंदांत हृदयात व मेंदूत पोचते. वाटेत कोणतेही फाटक नाही. काही चुकले तर गोळी उलटून पडू शकते, पण शिरेत गेलेले औषध परत काढता येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डोम्पेरिडोनचे. हे औषध मेंदूच्या चाळणीतून सहसा आत जात नाही, म्हणून मेंदूच्या दृष्टीने सुरक्षित मानले गेले. त्याच्या गोळ्या भारतात आजही सर्रास दिल्या जातात. परंतु त्याचे शिरेतून देण्याचे इंजेक्शन १९८० च्या दशकात जगभर मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांचे हृदय ते देताच थांबले. द्रव्य एकच, वाट वेगळी.

प्रोमेथाझिनचे उदाहरण अमेरिकेतील आहे. डायना लेव्हाइन ही व्हरमाँट राज्यातील गिटारवादक. एप्रिल २००० मध्ये अर्धशिशी व मळमळीसाठी तिला प्रोमेथाझिनचे इंजेक्शन शिरेत देण्यात आले. औषध शिरेऐवजी धमनीत शिरले. प्रोमेथाझिनचा द्राव ऊतींना जाळणारा आहे. धमनीत तो गेला की पुढचा रक्तपुरवठाच बंद पडतो. तिचा हात कुजू लागला आणि कोपराखालचा भाग कापावा लागला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी तेथील अन्न व औषध प्रशासनाने या इंजेक्शनावर ठळक चौकटीतील इशारा छापायला लावला. २०२३ साली आणखी कडक सूचना आल्या : शक्यतो स्नायूतच खोल द्यावे, शिरेत द्यायचेच तर पातळ करून सावकाश द्यावे. दोन वर्षांखालील मुलांना तर ते देऊच नये, कारण त्यांचा श्वास मंदावू शकतो. बसच्या प्रवासात आपण बिनधास्त गिळतो त्या गोळीच्या कुळातील हे औषध आहे, हे विसरू नये.

मग हगवण-उलटीच्या साध्या आजारात मुलाला सुई किती लागते? आमच्या मते फारच कमी वेळा. शिकागोतील एका रुग्णालयात २१५ मुलांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना जिभेवर विरघळणारी ऑनडॅनसेट्रॉनची एकच गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. नंतर सर्वांना मीठ-साखरेचे पाणी पाजले. औषधाच्या गटात १४ टक्के मुलांना पुन्हा उलटी झाली, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांना. सलाइन लावावे लागले ते १४ व ३१ टक्क्यांना. म्हणजे जे काम आपण सुईकडून मागतो ते जिभेवरच्या गोळीनेही झाले. आणि गोळीत औषधच नव्हते त्या गटाकडेही नीट पाहा : दर तीन मुलांपैकी दोघांना पुन्हा उलटी झालीच नाही. आपल्याकडे सुईला मिळणाऱ्या श्रेयाचा बराच भाग आजाराच्या स्वाभाविक उताराचा असतो.

मुलाचा जीव वाचवते ते पाणी. "पाजले की उलटते, मग कसे पाजणार?" हा आईचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वर्गात गणिताने देता येईल. उलटी झाली की १० मिनिटे थांबावे, मग चहाच्या चमच्याने दर मिनिटाला एक चमचा द्यावा. चमचा ५ मिलिलिटरचा धरला तर तासाला ३०० मिलिलिटर आणि चार तासांत सव्वा लिटरच्या जवळ पाणी पोटात जाते. २० किलो वजनाच्या, मध्यम शोष पडलेल्या मुलाला चार तासांत सुमारे दीड लिटर लागते. म्हणजे नुसत्या चमच्याने गरजेचा मोठा भाग भागतो. पेल्याने एकदम पाजले की ताणलेले जठर ते परत फेकते, चमच्याने दिलेले बहुतेक टिकते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. विद्यार्थ्यांकडून हे एकदा मोजून करून घ्यावे. मीठ जास्त पडले तर पाणी अपायकारक होते, म्हणून 'सपाट' या शब्दावर भर द्यावा.

मान वाकडी होते तेव्हा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे वळू. मेटोक्लोप्रामाइड मेंदूच्या चाळणीतून आत शिरते. आत हालचालींचे नियमन करणारी केंद्रे आहेत. तेथे डोपामिन आणि ॲसिटिलकोलिन यांचा तराजूसारखा तोल असतो. औषधाने डोपामिनचे पारडे हलके केले की ॲसिटिलकोलिन वरचढ होते आणि स्नायू आपोआप पिळवटू लागतात. मान एका खांद्याकडे वळून तशीच राहते. डोळे वर फिरतात आणि खाली येत नाहीत. जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलणे अडखळते, कधी पाठ कमानीसारखी होते. हे सुई लागल्यापासून काही तासांत, बहुधा पहिल्या दोन दिवसांत घडते. मोठ्यांपेक्षा मुलांत व तरुणांत, आणि त्यांतही मुलींत हे अधिक दिसते. म्हणजे नेमके आपल्या आठवी ते बारावीच्या वर्गातील वय.

एखादी मुलगी काल उलट्यांनी आजारी होती, सुई घेऊन बरी झाली, आज वर्गात आली आणि अचानक तिची मान वळली, डोळे वर गेले. पाहणाऱ्याला काय वाटेल? कोणी म्हणेल फिट आली, कोणी म्हणेल धनुर्वात. आणि कोणी म्हणेल बाहेरचे लागले, हिला अमुक गावच्या भगताकडे न्या. मुलगी पूर्ण शुद्धीत असते, आपल्याविषयी चाललेले सारे बोलणे तिला ऐकू येत असते, पण तोंड वळत नसल्याने उत्तर देता येत नाही. भगताकडे मारझोड झाली तर तीही ती शुद्धीतच सोसते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, पण या मुलीची अवस्था ओळखणारा माणूस जवळ असणे कायद्याइतकेच गरजेचे आहे.

ओळखायचे कसे? फिटमध्ये बहुधा शुद्ध हरपते, येथे ती शाबूत असते. हाक मारली तर मुलगी हाताने खूण करू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की गेल्या दोन-तीन दिवसांत उलटीसाठी सुई किंवा गोळी घेतली होती काय? उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगावे. यावरचा इलाजही मजेशीर आहे. ॲसिटिलकोलिन अडवणारे औषध दिले की पारडी पुन्हा समान होतात, आणि असे हाताशी असलेले एक औषध म्हणजे आपले प्रोमेथाझिनच. एका उलटीच्या औषधाने वाकडी झालेली मान दुसरे उलटीचे औषध बहुधा तासाभरात सरळ करते. परंतु श्वास किंवा गिळणे अडत असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हा त्रास मात्रेशी निगडित आहे. मेटोक्लोप्रामाइडच्या २ मिलिलिटरच्या कुपीत १० मिलिग्रॅम औषध असते. ती प्रौढाची मात्रा आहे. मुलासाठी दर किलो वजनामागे साधारण ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ ते ३ मिलिग्रॅम, कुपीचा पाव हिस्सा. पूर्ण कुपी दिली तर दिवसभराची कमाल मात्रा एका दमात गेली. त्रैराशिकाचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकातील आंब्यांच्या पेट्यांपेक्षा विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहील, मात्र औषध मोजणे हे डॉक्टरांचेच काम हेही त्यांना सांगावे. युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली एक वर्षाखालील मुलांना हे औषध पूर्ण वर्ज्य ठरवले, मोठ्या मुलांतही दुसऱ्या पसंतीचे ठेवले, पाच दिवसांहून जास्त देऊ नये आणि शिरेत देताना किमान तीन मिनिटे घ्यावीत असे सांगितले.

ऑनडॅनसेट्रॉनने मान वाकडी होण्याचा प्रकार क्वचितच घडतो, म्हणून मुलांसाठी आज त्याला पसंती आहे. त्याने डोके दुखते, शौचास घट्ट होते. मोठ्या मात्रेत ते हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विद्युत पूर्वतयारी लांबवते. त्यामुळे ३२ मिलिग्रॅमची एकदम द्यायची मात्रा अमेरिकेत २०१२ साली बंद झाली. उलट्या-हगवणीने रक्तातील पोटॅशियम उतरलेले असते तेव्हा हा धोका वाढतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. गर्भवतीच्या बाबतीत, पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या गोळ्या घेतलेल्या मातांच्या बाळांत टाळू-ओठ फाटलेले असण्याचे प्रमाण दर १०,००० मध्ये ११ ऐवजी १४ आढळले. धोका लहान आहे, पण तो डॉक्टरांनी तोलायचा.

सुईबद्दल एवढे बोलल्यावर खुद्द सुईविषयीही. एकच सिरिंज अनेकांना वापरल्याने २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे कावीळ 'बी' ची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. आपल्यासमोर नवे पाकीट फोडले जाते काय हे पाहण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

उलटी हीच बातमी असते तेव्हा

नाकेबंदी केल्याने बातमी थांबते, घटना थांबत नाही. डोक्याला मार लागल्यावर होणारी उलटी मेंदूवर दाब वाढल्याचे सांगते. पोट फुगून हिरवट उलटी होत असेल तर आतडे अडकलेले असू शकते. धानावर फवारणी करून आलेल्या माणसाला उलटी, लाळ, घाम होत असेल आणि बाहुल्या बारीक झाल्या असतील तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. तिच्यावर वेगळी औषधे लागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विंचवाच्या दंशातही उलटी, दरदरून घाम आणि थंड पडलेले हातपाय ही विष हृदयावर चाल करून येत असल्याची पूर्वसूचना असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशाच लक्षणांवर बारीक नजर ठेवून प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' मध्ये ते जगापुढे मांडले.

साकोलीच्या पावसाळ्यात मात्र आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मण्याराची. हा साप रात्री घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठते, एक-दोन उलट्या होतात. घरच्यांना वाटते रात्रीचे जेवण बाधले. उलटीची सुई लावून त्याला घरी झोपवले तर पुढच्या काही तासांत पापण्या जड होतात, आवाज बदलतो, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटदुखी व उलटी झाली, हगवण मुळीच नाही आणि डोळे पूर्ण उघडत नाहीत, तर १०८ वर फोन करून त्याला साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा प्रतिविष मिळेल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी न्यावे. आधी कोठे सुई लागली असेल तर कुपीवरचे नाव व वेळ एका चिठ्ठीवर लिहून ती मुलासोबत द्यावी, कारण जड झालेल्या पापण्या औषधाच्या गुंगीने की विषाने, हे तेथील डॉक्टरांना ठरवावे लागते.